आई मागच्या डब्यात होती

आईचा फोन आला तेव्हा मी वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात एक लांबलेली मीटिंग संपवून नुकतीच जागेवर बसले होते. आई त्या आठवड्यात जपानला होती. पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला महिनाभर राहायला आलेली, आणि इथल्या मराठी बायकांच्या सहलीत मीच आग्रहानं तिचं नाव घातलेलं.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. आईनं असं म्हटलं की मी हमखास घाबरते. "मी एका स्टेशनवर आहे. एकटीच. बाकीच्या पुढे गेल्या."

झालं होतं असं. गाडी चार डब्यांची. पुढे ऊन येतंय म्हणून आई मागच्या डब्यात जाऊन बसली आणि तिचा डोळा लागला. या स्टेशनात गाडीचे दोन भाग करतात. पुढचे दोन डबे मैत्रिणींना घेऊन डोंगरातल्या गावाकडे गेले. मागचे दोन आल्या वाटेनं परत जाणार होते. ड्रायव्हरनं वाकून वाकून नमस्कार करत आईला खाली उतरवलं. तो काय सांगतोय ते हिला कळेना, आणि हिचं त्याला.

"अगं, तिथे कोणाला तरी विचार ना!"

"कोणाला विचारू? तिकिटाची खिडकी फळी ठोकून बंद केलीय. मी नोकरीला होते त्या पोस्टात निदान एक शिपाई तरी असायचा."

मी सहल घेऊन गेलेल्या बाईंना फोन लावला. त्या रडकुंडीला आल्या होत्या. शेवटच्या स्टेशनवर पोचल्यावर आई नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि परतीच्या गाडीला दोन तास होते. "त्यांना पुढच्या गाडीत बसवा, आम्ही इथेच उभ्या राहतो," त्या म्हणाल्या.

मी आईकडून दिसेल त्याचे फोटो मागवले. लाकडी इमारत, तिला लागून एक नंबरचा फलाट, मध्ये रूळ, पलीकडे दोन नंबर, आणि दोन्हींना जोडणारा लोखंडी पूल. पाटीवर त्या डोंगरातल्या गावाचं नाव इंग्रजीत होतं आणि पुढे आकडा होता दोन. मी म्हटलं, पूल चढ. आईचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता.

मग मला सुचलं. माझ्या समोरच्या टेबलावर एक जपानी बाई बसते. चार वर्षांत आम्ही जेवणापलीकडे फारसं बोललो नव्हतो. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं आईनं पाठवलेला वेळापत्रकाचा फोटो मोठा करून पाहिला, मग त्या स्टेशनची माहिती शोधून ती वाचायला लागली. एके काळी इथून डोंगरातलं लाकूड जायचं, तीन फलाट होते, स्टेशनमास्तर होता. लाकडाचा धंदा बसला, तिसऱ्या फलाटाचे रूळ काढले, मग माणसंही काढली.

"इतिहास नंतर," मी जवळजवळ ओरडलेच.

ती शांतपणे म्हणाली, "थांब, यातच आहे. गावात आता म्हातारी माणसंच उरलीत. समोरून दुसरी गाडी येणार नसेल तेव्हा गाडी एक नंबरलाच घेतात, त्यांना पूल चढावा लागू नये म्हणून." तिनं वेळापत्रकावर बोट ठेवलं. पुढच्या गाडीच्या वेळेशेजारी, गोलात, मुंगीएवढा एकचा आकडा.

"आई, परत एक नंबरवर ये."

"अगं, आत्ता तर चढले!"

"चुकलं माझं. उतर, पण सावकाश."

गाडीला नऊ मिनिटं होती. आई एकेक पायरी मोजत उतरली. शेवटची पायरी झाली आणि लांबून घंटा ऐकू आली.

"आली गं. थांबली. पण दार उघडत नाहीये!"

मराठीचा एक शब्द कळत नसताना ती जपानी बाई फोनकडे झुकून ओरडली, "बटण! बटण!"

"आई, दाराशेजारी बटण आहे, ते दाब!"

टिंग असा आवाज आला. मग पावलं. मग आईचा सुस्कारा.

"बसले."

मी चार लोकांदेखत रडले. ती बाई उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि आई पोचेपर्यंत फोनवर गाडी कुठवर आली ते पाहत माझ्याजवळच बसून राहिली. तासाभरानं फोटो आला: सगळ्या बायकांच्या गराड्यात आई, हातात कुणीतरी दिलेला भाताचा गोळा, आणि सहलीच्या बाईंनी तिचा दंड घट्ट धरलेला.

संध्याकाळी घरी जाताना मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी असताना आईचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी खुशीत होता. मी सहलीच्या बाईंशी बोलत होते तेवढ्यात तिला त्या स्टेशनच्या बाकावर एक वही सापडली होती. येणारेजाणारे त्यात काहीबाही लिहितात म्हणे. हिनंही मराठीत लिहून ठेवलं.

"काय लिहिलंस?"

"स्टेशन स्वच्छ आहे. बाकांवर हातानं शिवलेल्या उशा आहेत, त्या कुणी केल्या त्यांना नमस्कार. माझी मुलगी गाडी शोधते आहे."