व्हर्लीनने थंड ठेवलेली खोली

अमेरिकेतल्या ओकानोगन खोऱ्यात आमच्या वस्तीत पत्र्याची अकरा ट्रेलर-घरं, आणि जवळजवळ सगळ्यांकडे पाण्याचे कूलर. आमच्या कोरड्या हवेत ते झकास चालतात. पण कूलर बाहेरचीच हवा ओढून आत फेकतो, आणि त्या ऑगस्टमध्ये पलीकडचा डोंगर पेटल्यावर बाहेर हवा उरलीच नव्हती. नुसता धूर.

माझा नवरा ऑरिन याने उभा जन्म लाकडाच्या गिरणीत भुसा खाल्लेला. फुप्फुसं निम्मीच कामाची. कूलर लावला की खोकून खोकून बेजार व्हायचा. बंद केला की पत्र्याचं घर तव्यासारखं तापायचं. तिसऱ्या दुपारी मी कूलरच्या तोंडाला ओला टॉवेल बांधत होते, तेवढ्यात शेजारची व्हर्लीन स्ट्राउड दार न वाजवताच आत आली.

व्हर्लीन तेव्हा शहात्तर वर्षांची होती. सफरचंदांच्या शीतगृहात एकतीस वर्षं तिने यंत्रं सांभाळलेली. पहिल्या दिवशी मुकादमाने "बाईमाणसाने खोकी भरावीत" म्हणून तिला हाकललं होतं. वर्षभरात कंप्रेसर रुसला की तोच तिला शोधत फिरू लागला. बोलायला मात्र फटकळ. मी तिला जरा वचकूनच असे.

"अगं वेडे, फडक्याने धूर अडतो होय? बंद कर ते आधी."

"मग हा उकडून जाईल की!"

"काही जात नाही. चल, शिडी आण."

पश्चिमेच्या खिडक्यांना आतून लावलेले माझे पडदे बघून ती हसली. "ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा त्याचं काय करणार? त्याला बाहेरच अडव. थंडी करावी लागते बाई, उष्णता न बोलावता येते."

आम्ही पांढऱ्या चादरी बाहेरून खिडक्यांवर ताणल्या, दारांच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. चूल पेटवायची नाही, अशी तिची सक्त ताकीद. मग धूर गाळायला तिने हीटरमधले हवा गाळणारे चार फिल्टर चौकोनात उभे केले, खाली पुठ्ठा, वर साधा पंखा उताणा, हवा वर फेकणारा, आणि सगळं पट्टीने बांधलं. "फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला हवेत. उलटे लावलेस तर सगळी मेहनत फुकट."

शेवटी ती घरी गेली आणि ढकलगाडीवर स्वतःच्या खिडकीतला छोटा एसी घालून घेऊन आली.

"आणि तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी इथेच येऊन बसणार. हा एवढासा जीव, एकच खोली थंड करेल. मग एकाच खोलीत राहू या सगळे." झोपायच्या खोलीच्या खिडकीत एसी बसवून बाहेरची हवा घेणारी त्याची झडप तिने घट्ट लावली.

ऑरिन कुरकुरला, "माझ्या झोपायच्या खोलीत बायकांची जत्रा?"

"नीट श्वास घेता यायला लागला ना, की भांड माझ्याशी."

संध्याकाळी त्याचा खोकला मंदावला. जरा वेळाने तो म्हणाला, "मोजे दे गं. पाय गार पडलेत." मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

धूर एकोणीस दिवस राहिला. पलीकडच्या बेल्ट्रान मायलेकीही कापलेली टरबुजं घेऊन येऊ लागल्या. पाच जण, एक खोली, पत्त्यांचे डाव. पांढरे फिल्टर आठवड्यात काळे पडले, तेव्हा आमच्या छातीत काय गेलं असतं ते कळलं. एका पहाटे वारा फिरून आभाळ तासभर निवळलं, तर व्हर्लीन ओरडत आली, "उघडा खिडक्या! फुकटचा गारवा आहे, भरून घ्या!"

आभार मानणं ऑरिनच्या स्वभावात नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तो हातोडी घेऊन तिच्या दाराच्या डुगडुगत्या पायऱ्या दुरुस्त करायला गेला. दोन खिळे ठोकायचा, दम खायचा.

"तोंडाने बोलला असतास तर दोन मिनिटांत झालं असतं," ती म्हणाली.

"ते मला जमत नाही."

"माहितेय. खिळा वाकडा चाललाय."

ऑरिन त्यानंतर चार हिवाळे जगला. नातीच्या लग्नाला पहिल्या रांगेत त्याने आपल्या शेजारची खुर्ची अडवून धरली होती. त्याचा सख्खा भाऊ आला, त्यालाही बसू दिलं नाही. व्हर्लीन आली, तेव्हाच त्याने खुर्चीवरचा हात काढला.