तळ्याची फेरी आणि मालनचं नाव

आमच्या मालकांना हे माहीत नव्हतं, ते गेले. सासूबाईंना माहीत नव्हतं, त्याही गेल्या. ज्या दोघींना माहीत असायला हवं होतं त्या दोघी अजून आहेत — आणि त्यांनाही मी सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं होत आली. आज तुम्हाला सांगते. तुमची माझी ओळख नाही, म्हणून जमत असेल.

पण आधी तळ्याचं सांगते.

आमच्या कोपरगावात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून गावाबाहेर साठवणीची तळी आहेत. पाटाला पाणी सुटलं की ती भरून घ्यायची आणि पुन्हा सुटेपर्यंत गावाला पुरवायची. आमच्या घरामागच्या तळ्याच्या भरावावर आता चांगली वाट झाली आहे. चढ नाही, खड्डा नाही. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस. कारखाना चालू असला की मळीचा वास येतो, पण आम्हाला तो वास आता वास वाटत नाही. सकाळी साडेसहाला मी आणि माझी धाकटी जाऊ कुसुम सायकली काढतो आणि तळ्याला एक फेरी मारतो. घाई नसते. बगळे उभे असतात, टिटवी ओरडत असते. अर्ध्या तासात आम्ही घरी चहाला.

मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि सायकल शिकून मला पाच वर्षं झाली. गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, चालू नका, सायकल चालवा. मी म्हटलं, या वयात? तर कुसुम म्हणाली, मी शिकवते. नातीची पडून असलेली सायकल तिने पुसली, हवा भरून आणली. मी पंजाबी ड्रेस घालून बसले आणि ती मागून कॅरिअर धरून भरावावर पळत होती. स्वतः साठीच्या घरात. धापा टाकत ओरडायची, "अक्का, म्होरं बघा! चाकाकडं काय बघताय? चाक कुठं पळून जात न्हाई!"

आठ दिवसांत मी शिकले. आता मला सुख कशाचं विचाराल तर या फेरीचं. खोटं कशाला सांगू?

आता ती मागून पळत होती तेव्हा माझ्या मनात काय होतं — ते सांगायचं आहे. त्यासाठी मागे जायला लागेल.

कुसुम लग्न होऊन आली ती सायकल घेऊन. तिच्या वडिलांनी दिलेली, हिरवी, लेडीज. आमच्या आळीत तेव्हा कुठल्याच बाईकडे सायकल नव्हती. तळ्यापलीकडच्या वस्तीवर बालवाडी होती, तिथे तिला काम मिळालं. रोज सकाळी पदर खोचून ती भरावावरून जायची. भराव तेव्हा कच्चा होता, बाभळी होत्या. दुपारी यायची आणि पोरं काय काय बोलली ते सासूबाईंना सांगायची. सासूबाई हसायच्या. माझ्याशी त्या कधी तशा हसल्या नाहीत. मी चुलीपुढे भाकरी थापत ऐकायची.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? नाही. एवढ्यावरून नाही. भाकरीचं मला काही वाटत नव्हतं. भाकरी मला करता येते, तिला अजून नीट येत नाही.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे सगळं घर धुऊन काढतात. गोधड्या, वाकळा, पांघरुणं, घरात धुवायचं म्हणून काही ठेवायचं नाही. त्या दिवशी मी आणि शेजारची मालन गोधड्या घेऊन तळ्याखालच्या चारीच्या वाहत्या पाण्यावर गेलो होतो. मालन म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरातली. माझ्याच वयाची, माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. भिजलेली गोधडी किती जड होते ते धुतली असेल त्यालाच कळेल. आम्ही दोघी दोन टोकं धरून पिळत होतो आणि वर भरावावरून कुसुम आली. बालवाडी सुटली होती. घराकडे उतरायची वाट आली. ती उतरली नाही. सरळ पुढे गेली.

तिने तळ्याला पूर्ण फेरी मारली. कामाशिवाय. उताराला आली तेव्हा तिने पाय पायडलवरून उचलून दोन्ही बाजूंना सोडले, लहान पोरीसारखे. तोंडावर हसू होतं. कुणासाठी नव्हतं ते. तिथे कुणी नव्हतंच. आम्ही चारीत होतो, तिला दिसतही नव्हतो.

ते मला बघवलं नाही. बस. एवढंच कारण आहे, याच्यापेक्षा मोठं मला शोधून सापडलेलं नाही.

मालनने मात्र गोधडी सोडून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "काय भारी चालवती गं! आपल्याला बी कुणी शिकवायला पायजे हुती." ती मनापासून म्हणाली. मी तिचा चेहरा बघत होते, मला माहीत आहे.

संध्याकाळी मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, लोक बोलायला लागलेत कुसुमवरून."

"कोण लोक?"

कोण लोक — आता काय सांगणार? कुणी बोललं नव्हतं. उलट वस्तीवरच्या बाया तिचं कौतुक करायच्या. मला कुणाचं तरी नाव द्यायला हवं होतं आणि दिवसभर माझ्यासमोर एकच तोंड होतं. मी म्हटलं, "मालन म्हणत हुती. शाळा कवाच सुटती, मग ही तळ्याला फेऱ्या कुणासाठी मारती, असं."

कुणासाठी. हा शब्द मी माझ्याकडून घातला. त्या एका शब्दाने काय होतं ते मला ठाऊक होतं. मी अडाणी असेन, भोळी नव्हते. चौथी शिकले आहे, पण हे शाळेत शिकायला लागत नाही.

घरात आरडाओरडा झाला नाही. सासूबाई दिराशी, म्हणजे कुसुमच्या नवऱ्याशी बोलल्या. चार दिवसांनी हिरवी सायकल नणंदेच्या गावाला गेली, तिच्या पोरांना शाळेत जायला. बालवाडीवर दुसरी बाई आली. कुसुमने सासूबाईंना एकदाच विचारलं, "कोण म्हणालं?" त्यांनी नाव सांगितलं. कुसुम माझ्याशेजारी येऊन बसली, चुलीपाशी, आणि मला म्हणाली, "अक्का, तुमी तरी सांगायचं ना, मी तशी न्हाई." मी म्हटलं, "सांगितलं गं. पण ऐकतंय कोण?"

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला पीठ होतं, ते तिच्या केसाला लागलं.

तेव्हापासून कुसुम मालनशी बोलली नाही. संक्रांतीला आम्ही दोघी वाण घेऊन आळीभर फिरायचो. दर वर्षी तिसरं घर आलं की कुसुम पुढे जायची आणि मी एकटी आत जायची. मालन हळदकुंकू लावून घ्यायची, माझ्या खांद्यावरून बाहेर बघायची. तिच्या मुलीच्या लग्नाला कुसुम गेली नाही. मालनचा नवरा गेला तेव्हाही गेली नाही. मी गेले. सगळीकडे मीच गेले. दोघींची चांगली मीच.

आता त्या तळ्यावर मालनही येते — यायची. काठी टेकत, भरावाच्या कडेने. आम्ही समोरून यायचो. कुसुम लांबूनच घंटी वाजवायची आणि मान पाण्याकडे वळवायची. मालन बाजूला सरायची. कुसुमच्या मागे मी असायची, मी मालनला हात करायची. ती पण करायची. रोज, पाच वर्षं.

एकदा कुसुम तापाने घरी होती, तर मालन बाकावर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "विमल, खरं सांग. तुझ्या जावंचं मी काय वाकडं केलं गं?"

बघा — कुणी हातात आणून द्यावं तसं तिने मला सोपं करून दिलं होतं. भरावावर कुणी नव्हतं. सांगितलं असतं तर काय, तिने काठी घातली असती? मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा हाय. तू मनाला लावून घेऊ नको." दुसऱ्यांदा मी कुसुमच्या नावाला बट्टा लावला, आणि तेही ती घरी तापाने पडलेली असताना.

मग ही दिवाळी झाल्यावर मालनच्या मुलीने तिला पुण्याला न्यायचं ठरवलं. घराला कुलूप. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. म्हणाली, "कुसुमला दे. बोलली न्हाई तरी चालंल, पण खा म्हणावं. थंडीत सांध्याला बरं असतं."

डबा मी घेतला. मालन गेली. गाडीत बसताना आमच्या घराकडे बघत होती. कुसुम गच्चीवर कपडे वाळत घालत होती, खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी फेरीनंतर चहाबरोबर मी ते लाडू काढले. कुसुमने एक खाल्ला, दुसरा उचलला. "कुणी दिले?"

"कोण देणार? मीच केले."

"तुमी?" ती हसायला लागली. "अगं बया, सत्तरी उलटल्यावर हात सुधारला म्हणायचा! आधी कुठं लपवून ठेवला हुता?"

मीही हसले. हसू आलंच मला. सकाळ चांगली होती, गार होती, गुडघा दुखत नव्हता. मी तुम्हाला सांगते, मला रात्री झोप लागते. जेवण जातं. कुसुमसारखी सोबत मला कुणाची मिळाली नसती आणि ती मला मिळाली. तिला सांगितलं तर ती जाईल, म्हणून मी सांगत नाही. मालनला सांगितलं तर ती कुसुमला सांगेल, म्हणून तिलाही नाही. मला माझी फेरी हवी आहे. मालनचं काय, याचा विचार मी केला नाही असं नाही. केला, आणि तरी फेरी हवी म्हटलं.

डबा आठवड्यात संपला. कुसुम म्हणाली, "अक्का, तसेच परत करा की." मी केले. डिंक आणला, खारीक कुटली, गूळ घातला, दोन दिवस त्यातच गेले. तिने एक तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाली, "मागच्यासारखे न्हाई झाले."

मी म्हटलं, "डिंक नीट फुलला न्हाई या येळी."

तिने तेही मानलं.