तिसऱ्यांदा विचारलेली कॉफी

आमचा नेस्तोरी कमी बोलायचा असं म्हणायचीही सोय नाही, तो बोलायचाच नाही. माझा धाकटा भाऊ, पण त्याचं लग्न काही मला जमवता आलं नाही. मुलीला मागणी घालायला दोन वाक्यं तरी लागतात की नाही? हा आपला दिवसभर होड्यांना डांबर फासणार आणि हात धुतले की बंदूक घेऊन फ्रेदरिका मावशीच्या शेतावर जाणार.

नेमबाजीला पुरेल एवढं लांब शेत गावात तिचं एकटीचंच. भाडंबिडं काही नाही, पण तिच्याकडे कॉफी घेतल्याशिवाय शेतात पाय ठेवायचा नाही. आणि कॉफी कसली, डांबरच ते! होडीला फासलं असतं तरी चाललं असतं.

आता कॉफी घ्यायची आमच्याकडे एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि पोट भरेपर्यंत ढोसायची. पहिल्याच वेळी हो म्हणणारा तो हावरट.

तर वर्षानुवर्षं नेस्तोरी त्या कॉफीनं थरथरत्या हातांनीच नेम धरायचा.

"अरे मेल्या, एक दिवस तरी न पिता जा!" मी ओरडायचे. तो गुमान बंदूक पुसत बसायचा. पण त्या थरथरीशीच त्याचं सूत जमलं होतं. नळी डुलायची आणि निशाणावर आली की याचं बोट आपोआप चाप दाबायचं.

पुढे शेजारच्या स्वीडन देशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड चाचणी ठरली, तीही मावशीच्याच शेतावर. नेस्तोरीचा उजवा डोळा तेव्हा अंधुक व्हायला लागला होता. यंदा नाही तर कधीच नाही. आदल्या संध्याकाळी वाफेच्या न्हाणीघराच्या पायरीवर बसून तो चक्क बोलला, "एवेलिना, तिथं जाऊन एकदा मधोमध मारायचीय मला."

त्याचं आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण ते. माझे डोळे भरून आले.

सकाळी शहरातले नेमबाज आले. मावशीनं कॉफी विचारली तर म्हणाले, "स्पर्धेआधी आम्ही घेत नाही." तिनं पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. नाहीच! मावशी उठली आणि गोठ्याचं दार उघडून सगळ्या गाई शेतात सोडल्या. गाई निशाणांसमोर निवांत चरत बसल्या. शेवटी शहरवाल्यांनी टोप्या काढून माफी मागितली आणि मुकाट्यानं कप रिकामे केले. मग काय विचारता! हात असे लटलटले की एकाची गोळी तर मावशीच्या चुलीच्या धुराड्यात गेली. नेस्तोरी पहिला आला.

स्वीडनहून परतला तो तोंड पाडून. यादीत खालून मोजलं असतं तर लवकर सापडला असता. काय झालं ते त्याच्याकडून काढून घेताना माझा जीव मेटाकुटीला आला.

उतरला होता तिथल्या घरमालकिणीनं सकाळी विचारलं, "कॉफी?" हा म्हणाला, नको. बाई बिचारी "बरं" म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली. रोज सकाळी तेच. स्पर्धेच्या दिवशी डोकं ठणकतंय आणि हात ओंडक्यासारखा गप्प. नळी हलेचना, मग बोटाला दाबायचं कळणार कधी? सगळ्या गोळ्या कडेला.

"अरे मूर्खा, मागायची ना!"

"मागायची?" चर्चमध्ये विजार न घालता जा म्हटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला वाटलं, ती परत विचारेल."

मी आधी पोट धरून हसले, मग मला हुंदकाच फुटला. एवढ्या वर्षांची हौस, आणि एका भल्या बाईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून वाया गेली.

रविवारी आम्ही मावशीकडे गेलो. तिनं भांडं उचललं. "कॉफी घेतोस का रे?"

"हो," नेस्तोरी म्हणाला.

मावशीचा हात हवेतच राहिला. "काय म्हणालास?"

"हो, मावशी. घेतो."

मावशी माझ्याकडे वळली. "एवेलिना, पोरगा बिघडला गं तिकडे जाऊन!" असं म्हणाली आणि त्याचा कप काठोकाठ भरला.