गाऱ्हाण्यातली पाच माणसं
ओला नारळ फोडल्याचा वास आला की मला ऐंशीच्या दशकातली, कांदिवलीच्या आमच्या खोलीतली एक गणेश चतुर्थी आठवते. गणपतीपुढे नारळ धरून घरासाठी गाऱ्हाणं घालायचा मान थोरल्या भावाचा. त्या वर्षी तो सहा महिने आजारी होता. झोप नाही, जेवण नाही, कामावर जाणं बंद, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्याने परस्पर सोडलेल्या. त्या सकाळी मात्र तो दाढी करून शांतपणे उभा राहिला. आई मला म्हणाली, "बघ, देव पावलो." दादाने नारळ धरला. "बा देवा, ह्या घरातल्या पाच माणसांका सुखात ठेव." सगळे "होय महाराजा" म्हणाले. मी मनात माणसं मोजली. घरात आम्ही सहा होतो: आई, दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. आरती झाल्यावर मी त्याला गॅलरीत नेऊन सरळ विचारलं, "दादा, तू स्वतःला धरलं नाहीस. जीव द्यायचं मनात आहे का?" मागून वहिनी म्हणाली, "भावजी, सणादिवशी ह्या काय बोलतास? नको ता मनात भरवशात." दादा कठडा धरून रडू लागला. "कोणी इचारूकच नाय रे," तो म्हणाला. वाढलेली पानं तशीच ठेवून आम्ही त्याला डॉक्टरांच्या घरी नेलं. विचारल्याने असलं काही मनात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे डॉक्टरांनी वहिनीला नीट समजावलं. पुढे त्या आजाराने त्याला आणखी दोनदा गाठलं. दोन्ही वेळा मी विचारण्याआधी तोच माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चप्पल घाल, डॉक्टरकडे जावया."