प्लेटमधल्या नांग्या

किनवटच्या पलीकडं माझं माहेर. पेरलेलं बी काही ठिकाणी उगवत नाही, तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, मोकळी जागा राहते. तिथं वाकून दुसरं बी टोचायचं, त्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. माझी शाळा सातवीत सुटली ती असल्याच कामांपायी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या रानात माझा हात सगळ्यात चलाख होता, असं आई अजून सांगते.

लातूरला आले ती नवऱ्याच्या दालमिलच्या कामामुळं. इथल्या एका शेतकी कॉलेजात काचसामान धुवायला लागले. पुढं तिथल्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी बटाट्याच्या काढ्यात साखर आणि तो घट्ट करणारी अगरची पूड घालून काचेच्या चपट्या प्लेटा ओतायला शिकवलं. तो थिजला की त्यावर तुरीला मर रोग आणणारी, झाड वाळवून टाकणारी बुरशी वाढवतात. शिकलेल्या पोरी कामासाठी हिंडत असताना मॅडमनी माझ्या हातात सुई आणि बर्नर दिला, हे मी विसरत न्हाई. म्हणूनच चुकायची भीती लई.

मागच्या हिवाळ्यात लोह्याकडच्या एका रानातून आणलेली बुरशी काही केल्या वाढेना. बाकीच्या प्लेटा कापसाच्या उमललेल्या बोंडासारख्या पांढऱ्याशुभ्र, ही मात्र विरळ, कडा फाटलेली, निम्म्यावरच थांबलेली. ती प्लेट मी भांड्याच्या तळाशी उरलेल्या काढ्यानं भरली होती. माझंच काहीतरी चुकलं, असं मनानं घेतलं. कॉलेजात शिकणारी औशाची एक पोरगी वर्षभर ह्या बुरश्यांवर काम करून राहिली होती. तिचं वर्ष माझ्यापायी वाया गेलं, तर मला इथं कोण ठेवणार? कुणाला न सांगता मी सुई तापवली, दुसऱ्या प्लेटमधून धडधाकट बुरशीचा कण उचलला आणि मोकळ्या जागेत टोचला.

दोन-तीन दिवस तो कण जोरात वाढला. माझा जीव भांड्यात पडला. मग दोन्ही बुरश्या एकमेकींना टेकल्या, आणि माझी चांगली बुरशीही त्या बाजूनं विरळ होत गेली.

मॅडमनी प्लेट उजेडात धरली. एका प्लेटमध्ये दोन बुरश्या कशा, म्हणून त्या पोरीलाच बोलायला लागल्या. तिचे डोळे भरून आले. मग मला गप्प बसवलं न्हाई.

"मॅडम, ते मी केलं. जागा मोकळी दिसली, नांग्या भरल्या."

पोरीनं डोळे पुसले. "मावशी, ही प्लेट हाय, पऱ्हाटीचं रान न्हाई."

मॅडम हसल्या नाहीत. कण कुठल्या प्लेटमधला, कोणत्या दिवशी टोचला, सुई आधी तापवली का, सगळं खोदून विचारलं. मग म्हणाल्या, काढ्यात काही खोट नव्हती. त्या बुरशीच्या आत विषाणू असावा असा त्यांना संशय होता, म्हणून तर ती जपून ठेवली होती. असला विषाणू बुरशीला मारत नाही. तिची जनुकं तीच राहतात, पण कोणत्या जनुकानं काम करायचं आणि कोणत्यानं गप्प बसायचं, हा मेळ तो बिघडवतो. झाडाच्या मुळांत शिरायला लागणारी जनुकं मंदावली, तर बुरशी जिवंत राहते पण तुरीला मारायचं बळ तिच्यात उरत नाही. आणि एकीचा धागा दुसरीच्या धाग्याला जुळला, की विषाणू पलीकडं जातो.

"मग मी टोचली तिच्यातबी तोच गेला?"

"गेला असेल. पण चोरून भरलेल्या एका प्लेटवरून मी तसं म्हणू शकत नाही."

उद्यापासून येऊ नका, हे ऐकायची मी तयारी करून उभी होते. मॅडमनी कपाटातून नव्या प्लेटा काढून माझ्यापुढं मांडल्या. निम्म्यांत विरळ बुरशीशेजारी चांगली टोचायची, निम्म्यांत चांगलीशेजारी चांगलीच, म्हणजे फरक कळेल.

"तेव्हा भरल्या तशाच नांग्या भरा," त्या म्हणाल्या. "ह्या वेळी मी बघते."

पोरीनं बर्नर पेटवून दिला. पहिला कण टोचायच्या आधी मी सुई दोनदा तापवली. दुसऱ्यापासून रानातला हात परत आला.