मरळीची एकादशी

“आज नाही. आज तिले एकादशी हाये.”

दाराआडून हे वाक्य आले की शेजारच्या घरी बैठकीत बसलेले पाहुणे एकमेकांकडे बघत. एकादशी कोणाला? तर काचेच्या पेटीतल्या मरळीला. हातभर लांबीची, काळपट, सापासारख्या डोक्याची ती मासोळी त्या दिवशी उपाशी राही. कारण तिला जिवंत मासोळ्या पुरवणारी बाई एकादशीला मासोळ्यांच्या नांदीत हात घालत नसे. घरधनी हसून म्हणत, “आमच्या घरचा धरम मोठा कडक हाये.” म्हणजे नेम तिचा आणि मोठेपणा यांचा.

परवा तुमच्या फोटोत काचेची पेटी दिसली. लहान मासे पिशवीतून विकत आणता आणि मोठ्याला घालता, असे तुम्ही लिहिले आहे. पुढे “त्यात काय आजी, ते खाण्यासाठीच असतात,” असेही. हे वाक्य मी लहानपणी वाशीमला ऐकलेले आहे. म्हणून हे लिहायला बसले.

त्या वेळी आमचे वाशीम अकोल्याच्या हाताखाली होते. माझे वडील वकील. शेजारचे घर मोठ्या जमीनदारांचे. सगळे गाव त्यांना रावसाहेब म्हणे. त्यांनी नागपूरच्या एका प्रदर्शनात काचेची पेटी पाहिली आणि तशीच बैठकीत आणून ठेवली. मरळ जिवंत भक्ष्यच खाते. पावसाळ्यात भोई नदीतून लहान मासोळ्या आणून देत, पण उन्हाळ्यात नदीच आटली की काय करणार? दवाखान्यातून डासांच्या अळ्या खाणाऱ्या बारीक मासोळ्या विहिरीत सोडायला आणल्या होत्या. त्यातल्या चार-सहा रावसाहेबांनी मागून घेतल्या आणि परसातल्या दगडी नांदीत टाकल्या. त्या वाढवायचे काम दिले धाकट्या भावाच्या विधवेला. मी तिला काकी म्हणत असे.

तुम्हीच विचार करा. जिने आयुष्यभर मासळीचा वास घेतला नाही, जी एक वेळ जेवून माळ ओढत बसे, तिच्याकडे जीव वाढवून मारायला देण्याचे काम! घरात दुसरी माणसे नव्हती का? होती. पण बाकी सगळ्यांना ‘नाही’ म्हणता येत होते. तिला एक पोळी आणि एक खोली मिळत होती, आणि कामरगावचे माहेर आईबाप गेल्यावर मिटले होते.

काकीने ते काम मात्र मनापासून केले. त्या मासोळ्या अंडी घालत नाहीत, पिल्लेच देतात. आणि आई आपलीच पिल्ले खाते. म्हणून काकी पोटुशी मासोळी ओळखून बांबूच्या दुरडीत घाली आणि दुरडी नांदीत अर्धी बुडवून ठेवी. पिल्ले जन्मली की दुरडीच्या फटींतून बाहेर निसटत. आई आत राही. “पाह्य पोरी,” ती मला म्हणे, “बाळंतिणीची खोली. फक्त हितं बाळंतीणच पोरं खाते.” आणि स्वतःच खुदकन हसे. दुरडीतली मासोळी मरळीला द्यायची नाही, हा तिचा दुसरा नेम.

थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने उभे राहायचे नाही आणि बोलायचे तर मुळीच नाही, अशी त्या घरची रीत. त्यामुळे दोघांचे बोलणे माझ्यामार्फत चाले. ती दाराआड, ते बैठकीत, मी उंबऱ्यावर. दोघांनाही एकमेकांचे स्पष्ट ऐकू येई, तरी मी पुन्हा सांगायचे.

“सांग तिले, आज चार टाकजो म्हना.”

“सांग त्यायले, दोनच मोठ्या झाल्या.”

मी शाळेत असले की काकी दाराच्या कडीशी बोले. “कडे, सांग वो त्यायले, पानी बदलायचं हाये.” कडीचा हेवा वाटून मी ती कितीदा हलवली असेल!

मरळ उडी मारते. म्हणून काकी रोज संध्याकाळी पेटीवर लाकडी पाट ठेवून त्यावर वरवंटा ठेवी. हे तिला कोणी सांगितले नव्हते. मरळीच्या पोटाची चौकशी रावसाहेब दिवसातून दहादा करीत. काकी जेवली का, हे विचारलेले मी ऐकले नाही.

मग तो दिवस आला. अकोल्याचे गोरे साहेब दौऱ्यावर होते आणि रावसाहेबांनी त्यांना मरळीची शिकार बघायला बोलावले. मला चांगला परकर नेसवून बसवले, कारण वकिलाची मुलगी इंग्रजी बोलते हीसुद्धा दाखवण्याची वस्तू होती. दिवस उन्हाळ्याचा आणि तिथी एकादशी. रावसाहेबांनी स्वतः सकाळी भगर खाल्ली होती!

“सांग तिले, मासोळ्या आन म्हना.”

दाराआडून नेहमीचे उत्तर आले. रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. “सांग तिले, साहेब एकादशी पाह्यले आले नाहीत.”

“सांग त्यायले, नांदीत मोठी एकच राह्यली, अन् ते दुरडीत हाये.”

रावसाहेब उठले, परसात गेले आणि दुरडीच उचलून आणली. पाणी जमिनीवर गळत होते. “त्यात काय? ह्या खान्यासाठीच असतात!”

तेव्हा दार उघडले. काकी पदर पुढे ओढून बैठकीत आली, पेटीसमोर उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा थेट बोलली. “रावसाहेब, तुमी सांगितलं म्हनून मी हे पाप केलं. उद्याबी करीन. पन आज एकादशी हाये आन् ते दोन जिवाची हाये. तिले पान्यात टाका.”

साहेबांनी मला विचारले, ही काय म्हणते? मी जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, “क्वाइट राइट,” टोपी उचलली, चहा छान होता म्हणाले आणि गेले. त्यांना राग आला नव्हता. त्यांचा अपमान झाला नव्हता. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे गावभर उलटेच पसरले.

साहेबांचा टांगा हलताच रावसाहेबांनी दुरडी पेटीत उपडी केली. मरळीने एकदाच तोंड उघडले. काकी बघत राहिली. रडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला इंझोरीच्या शेतावरच्या खोपटात राखणीला पाठवले. मासोळ्या दिल्या नाहीत म्हणून नव्हे, बोलली म्हणून. बायकासुद्धा म्हणाल्या, “असं तोंडावर बोलाव काय?” बैलगाडीत तिच्याजवळ एक गाठोडे होते आणि मांडीवर घागर. नांदीतली उरलेली पिल्ले तिने घागरीत घेतली होती. हिसक्याने पाणी सांडू नये म्हणून घागरीच्या तोंडावर पंजा धरून ती बसली होती. गल्लीतले एकही दार उघडले नाही. फक्त माझी आई बाहेर उभी होती.

पुढे काय झाले ते सांगायलाच हवे का? नदी कोरडी, नांद रिकामी, मरळ भुकेली. रावसाहेबांनी कणकेचे गोळे टाकले. तिने ढुंकून पाहिले नाही. पाट भिंतीशी टेकून होता, काकीने शेवटचा ठेवला तसाच. एका सकाळी मरळ फरशीवर मेलेली सापडली.

आणि त्या मरळीच्या दुखवट्याला अख्खी गल्ली लोटली! “किती माणसाळली होती हो,” म्हणत पुरुष मान हलवत होते. बायका आतल्या खोलीत चहा करत होत्या. रावसाहेब डोळे पुसत होते. माझा आजही जळफळाट होतो.

मी अमरावतीला शिकायला गेले. सुट्टीत एकदा गाडी जुंपून इंझोरीला गेले. शेतावर सालदाराची बायको होती. तिने विहिरीकडे बोट केले. पाण्यात बारीक मासोळ्या चमकत होत्या.

“अन् काकी?”

“गेल्या. पेरनीच्या टायमाले. रातच्या झोपल्या त्या उठल्याच नाही.”

“रावसाहेबांना कळवलं?”

“कळवलं ना. दुसऱ्याच दिसी मानूस आला.”

“दिवस करायला?”

“नाही वो. हंडी घेऊन. नवी मरळ आनली म्हने त्यायनं. विहिरीतल्या मासोळ्या पायजे.”

तिने पदर खोचला आणि पोहरा विहिरीत हळूच, पाणी न हिंदकळता सोडला.

“मी म्हनलं, आज नाही. आज एकादशी हाये.”

“होती का?”

“मले कुठं पंचांग येते, बाई? ह्या विहिरीत आता रोजच एकादशी हाये.”