नावापुरता कर्ता

वैशाखऱ्यांची सून माधुरी घरी बसून एका कंपनीसाठी कॉम्प्युटरला इंग्रजी व्याकरण शिकवायची. शिष्य भलता अडेल. कर्त्याशिवाय वाक्य त्याच्या घशाखाली उतरत नसे. आपलं नुसत्या 'उकडतंय'वर भागतं. इंग्रजीत तिथंही 'इट इज हॉट' म्हणत पुढं 'इट' बसवावा लागतो. उकडणारा हा इट कोण, ते देवालाच ठाऊक. माधुरीनं नियम लिहिला: इटला कर्त्याची जागा द्यावी, अर्थ देऊ नये.

"जागा हाय, काम नाय," नवरा पंढरी हसला. "बेस हाय गो!"

त्याच वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं. पंढरी किती वर्षं त्यावर डोळा ठेवून होता! म्हणाला, "तू इट हो. बाकी मी बगतो."

सासू सकुबाईनं देवापुढं नारळ फोडला. माधुरी हात जोडून निवडून आली आणि हार पंढरीच्या गळ्यात पडले. लोक त्याला सरपंच म्हणू लागले, तिला वहिनी.

इकडं तिचा नियम फसला. 'कुत्रं आलं आणि ते (इट) चावलं' या वाक्यात कॉम्प्युटरनं चावणारा इटही रिकामा धरला. चावा खरा, कुत्रं गायब! माधुरी डोकं धरून बसली, तेव्हा उमगलं. रिकामेपणा इटच्या अंगात नसतोच; क्रियापद उकडायचं असेल तर तो पोकळ, चावायचं असेल तर त्याला दात. क्रियापद बघून ठरव, असं तिनं शिष्याला बजावलं.

ग्रामसभेत पंढरी उठला. "बोअर आमच्या आळीत मारायचं ठरलंय."

"आन आमच्या वाडीचं काय?" मागून रत्ना ओरडली. गावकुसाबाहेरच्या तिच्या वाडीत पाण्याचा थेंब नव्हता.

"ठरलं म्हंजे ठरलं."

"कोणी ठरवलं?" माधुरीनं विचारलं.

पंढरीनं हसून हात झटकला. "तुमच्या वहिनींचं सोडा, पुढं चला."

"सरपंच मी आहे. मी ठरवलेलं नाही. बोअर वाडीत हवी, त्यांनी हात वर करा."

वाडीचे सगळे हात वर गेले, आणि पंढरीच्या आळीतल्या बायकांचेही. बोअर वाडीची झाली. पंढरी त्या दिवशी भावाकडे जेवला.

सकाळी रत्ना दारात आली. ओटीवरून पंढरी गुरगुरला, "काय काम हाय?"

"तुमच्याशी नाय, भावजी," रत्ना म्हणाली. "सरपंच घरात हायेत का?"